तिजोरीच उचलून नेली, आता किल्ली बदलून काय? पासवर्ड मॅनेजर सोडतानाच्या कामांचा क्रम

पासवर्ड मॅनेजर म्हणजे तुमचे सगळे पासवर्ड एका कुलूपबंद तिजोरीत ठेवणारं अॅप; त्या तिजोरीची किल्ली म्हणजे मास्टर पासवर्ड. असं सुरक्षेचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या कंपनीच्याच घरात चोरी झाली की बहुतेक लोक तीन गोष्टी करतात. मास्टर पासवर्ड बदलतात, दुसऱ्या कंपनीचा पासवर्ड मॅनेजर घेतात, आणि जुन्यातलं सगळं एका झटक्यात नव्यात ओततात. मग निर्धास्त होतात. या तिन्ही गोष्टींनी चोराच्या हातातल्या तिजोरीच्या प्रतीवर काडीचाही परिणाम होत नाही. चोराने कपाटच उचलून नेलं असेल, तर आपण घराच्या दाराचं कुलूप बदललं काय आणि घर बदललं काय, कपाटात जे होतं ते त्याच्याकडेच आहे.

हा लेख लास्टपास या पासवर्ड मॅनेजर कंपनीचं उदाहरण धरून लिहिलाय, कारण त्या प्रकरणातले तपशील पुरेसे उघड झाले आहेत आणि अजूनही लोक तेच चुकतात. २०२२ मध्ये तुमचं तिथे खातं होतं, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. खातं नंतर बंद केलं असलं तरीही. दुसऱ्या एखाद्या कंपनीकडून चोरी झाल्याचा ईमेल आला, तरी कामांचा क्रम हाच.

## टप्पा १: कंपनीचं निवेदन नीट वाचा, आणि एकच वाचून थांबू नका

२५ ऑगस्ट २०२२ ला लास्टपासने सांगितलं की एका डेव्हलपरच्या खात्यातून कुणीतरी आत शिरलं आणि सोर्स कोडचा, म्हणजे सॉफ्टवेअरच्या मूळ कोडचा, काही भाग नेला; ग्राहकांच्या तिजोऱ्यांना धक्का लागल्याचा पुरावा नाही, असंही सांगितलं. ३० नोव्हेंबरला सांगितलं की ऑगस्टमध्ये मिळालेली माहिती वापरून क्लाउडवरच्या साठ्यात प्रवेश झालाय. २२ डिसेंबरला, म्हणजे नाताळच्या तोंडावर, कबूल केलं की ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या बॅकअपची प्रत चोरीला गेली आहे. पुढे २०२३ मध्ये कळलं की एका वरिष्ठ इंजिनिअरच्या घरच्या कॉम्प्युटरवर, एका जुन्या मीडिया सॉफ्टवेअरमधल्या भोकातून, कळफलकावरची प्रत्येक कळ टिपणारा प्रोग्रॅम बसवला गेला होता.

यातून एक सवय लावून घ्यायची. ‘पुरावा नाही’ याचा अर्थ ‘घडलं नाही’ असा होत नाही; ‘अजून सापडलं नाही’ एवढाच होतो. निवेदनात फक्त दोन याद्या शोधा: काय उघडं गेलं, आणि काय कुलूपबंद गेलं.

लास्टपासच्या बाबतीत ग्राहकांची नावं, बिलिंगचे पत्ते, ईमेल, फोन नंबर आणि आयपी पत्ते उघडे गेले. तिजोरीतल्या साइट्सचे पत्तेही उघडे गेले. युजरनेम, पासवर्ड, सुरक्षित नोट्स आणि फॉर्म भरायची माहिती एन्क्रिप्टेड, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, होती.

साइट्सचे पत्ते उघडे जाणं लोक हलक्यात घेतात. पण त्यामुळे तिजोरी न फोडताच चोराला कळतं की या माणसाचं कुठल्या बँकेत खातं आहे, कुठल्या ब्रोकरकडे डीमॅट आहे, क्रिप्टो एक्स्चेंजवर तो आहे की नाही. कोणती तिजोरी आधी फोडायची, हे तो त्यावरून ठरवतो.

तपासा: कंपनीचं निवेदन ईमेलमधल्या लिंकवरून उघडू नका. साइटचा पत्ता स्वतः टाइप करून जा.

## टप्पा २: तुमची तिजोरी किती लवकर फुटेल याचा अंदाज घ्या

इथे तीन प्रश्न आहेत.

एक, मास्टर पासवर्ड किती लांब होता? २०१८ पासून लास्टपासने किमान १२ अक्षरांची अट घातली, पण जुन्या खात्यांवर ती लादली नव्हती. ती सक्ती सुरू झाली २०२४ च्या जानेवारीत, म्हणजे चोरीनंतर वर्षभराने. आठ अक्षरांचा जुना पासवर्ड तसाच चालवणारे कितीतरी जण होते.

दोन, तोच पासवर्ड दुसरीकडे कुठे वापरला होता का? वापरला असेल, तर पुढचं गणित करायची गरज नाही. तिजोरी फुटली असं धरूनच चला.

तीन, इटरेशन्सचा आकडा किती होता? मास्टर पासवर्डपासून किल्ली बनवताना तो किती वेळा घुसळला जातो, तो हा आकडा. घुसळण जास्त, तर चोराला एकेक अंदाज तपासायला वेळ जास्त. २०१८ नंतरच्या खात्यांना साधारण १,००,१०० होता. त्याआधीच्या कित्येक खात्यांना ५,०००, काहींना ५००, आणि काही फार जुन्या खात्यांना चक्क १ होता.

सावधान: बहुतेकजण नेमके इथे फसतात. आज सेटिंगमध्ये जाऊन बघतात, ६,००,००० दिसतं, आणि हायसं वाटतं. पण हा आकडा कंपनीने २०२३ मध्ये वाढवला. चोराकडच्या प्रतीत २०२२ मधला आकडा आहे. तेव्हाचा आकडा माहीत नसेल तर खातं कधी उघडलं ते आठवा. २०१८ च्या आधी उघडलं असेल आणि सेटिंगला कधी हात लावला नसेल, तर वाईटात वाईट धरा.

या आकड्याचा बाऊही करू नका. ५,००० वरून १,००,१०० म्हणजे चोराचं काम वीसपट झालं. पासवर्डात खरोखर रँडम असं एकच इंग्रजी छोटं अक्षर वाढवलं तर ते सव्वीसपट होतं. म्हणजे चार-पाच असंबद्ध शब्दांचा लांब पासवर्ड ज्याने ठेवला होता, त्याला बराच अवधी आहे. ‘गणपती@१२३’ छापाचा ज्याचा होता, त्याने हा लेख वाचता वाचताच काम सुरू करावं.

आणि हो, तिजोरीला ओटीपी लावला होता म्हणून वाचलो, हा गैरसमज काढून टाका. ओटीपी कंपनीच्या दारावर होता. चोरीला गेलेल्या फाइलवर फक्त मास्टर पासवर्डचं कुलूप आहे, आणि ती फाइल चोर स्वतःच्या कॉम्प्युटरवर बसून फोडतो. तिथे ओटीपी विचारायला कुणी नाही.

## टप्पा ३: कामाला बसण्याआधीची तयारी

एका साइटला सरासरी चार मिनिटं धरा, बँकेला दहा. चाळीस खाती असतील तर दोन संध्याकाळी लागतात. दोनशे असतील तर सगळी एका दमात होणार नाहीत, व्हायची गरजही नाही; म्हणूनच क्रम महत्त्वाचा.

कॉम्प्युटर स्वतःचा घ्या, ऑफिसचा नको. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर अपडेट करा, ब्राउझरला जोडलेली अनोळखी एक्स्टेन्शन्स (छोटे जोड-प्रोग्रॅम) काढून टाका. वर सांगितलेल्या इंजिनिअरचं काय झालं ते आठवा: मशीनच बाधित असेल तर नवा पासवर्ड टाइप करताक्षणी तोही जातो. फोन चार्ज करून शेजारी ठेवा, ओटीपी येत राहतील. एक वही आणि पेन घ्या. वहीत पासवर्ड लिहायचे नाहीत, फक्त खात्यांची नावं, आणि झालं की खूण.

नवा पासवर्ड मॅनेजर आता निवडा. विचारायचे प्रश्न थोडेच आहेत. साइट्सचे पत्तेही एन्क्रिप्ट होतात का? सर्व्हर लुटला गेला तर फक्त मास्टर पासवर्डच आडवा येतो, की आणखी काही? वनपासवर्ड या मॅनेजरमध्ये मास्टर पासवर्डच्या जोडीला तुमच्या उपकरणावर राहणारी एक वेगळी गुप्त किल्लीही लागते, त्यामुळे नुसती सर्व्हरवरची प्रत नेऊन भागत नाही. बिटवॉर्डनचा कोड कुणालाही वाचता येतो आणि फुकटचं खातं बहुतेकांना पुरतं. कीपासएक्ससीमध्ये कंपनीचा सर्व्हरच नाही. फाइल तुमच्याकडे, बॅकअपची जबाबदारीही तुमची. वडीलधाऱ्यांसाठी हा शेवटचा पर्याय मी कधी सुचवत नाही. हार्ड डिस्क गेली की पासवर्डही गेले, आणि फोन आपल्यालाच येतो.

निवडीवर चार दिवस घालवू नका. तिन्हींपैकी कुठलाही चालेल. पासवर्ड न बदलता घालवलेले चार दिवस मात्र महाग पडू शकतात.

नवा मास्टर पासवर्ड पूर्णपणे वेगळा हवा. जुन्याच्या मागे एक अंक जोडलेला नको. कागदावर लिहा आणि घरातल्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवा. कागद हॅक होत नाही.

तपासा: नवी तिजोरी सध्या रिकामी आहे ना? रिकामीच ठेवा. जुन्या नोंदी आत आणणं, म्हणजे आयात, नंतर.

## टप्पा ४: सीड फ्रेज असेल तर सगळं बाजूला ठेवून हेच

सीड फ्रेज म्हणजे क्रिप्टो वॉलेटची बारा किंवा चोवीस शब्दांची किल्ली; ती ज्याच्या हाती, वॉलेट त्याच्या हाती. ती सुरक्षित नोटमध्ये ठेवली असेल, तर हे काम सर्वांत आधी. इतर पासवर्ड बदलता येतात, सीड फ्रेज बदलता येत नाही. नवं वॉलेट बनवायचं आणि सगळी रक्कम तिकडे हलवायची, एवढाच उपाय.

ही भीती कल्पनेतली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी संशोधकांच्या हवाल्याने लिहिलं की दीडशेहून जास्त लोकांचे मिळून साडेतीन कोटी डॉलरहून अधिक चोरीला गेले, आणि त्या लोकांमधला समान धागा म्हणजे लास्टपासमध्ये ठेवलेली सीड फ्रेज. मार्च २०२५ मध्ये अमेरिकी तपास यंत्रणांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांतही, जानेवारी २०२४ मधल्या सुमारे १५ कोटी डॉलरच्या चोरीची सांगड चोरीला गेलेल्या तिजोऱ्यांशी घातली आहे. थेट दुवा ठामपणे सिद्ध करणारा पुरावा आपल्यासमोर आलेला नाही, असं कंपनीचं म्हणणं. तो वाद चालू दे. तुमचं वॉलेट आज हलवा.

नवी सीड फ्रेज कागदावर. फोटो नको, नोट नको, स्वतःलाच पाठवलेला व्हॉट्सअॅप मेसेज तर नकोच नको.

## टप्पा ५: ईमेल

बँकेच्या आधी ईमेल का? कारण बँक, ब्रोकर, सरकारी पोर्टल, सगळ्यांचं ‘पासवर्ड विसरलात?’ ईमेलवरच येतं. ईमेल चोराच्या हातात असेल तर तुम्ही बदललेला प्रत्येक पासवर्ड तो पुन्हा बदलू शकतो. क्रम असा:

1. पासवर्ड बदला, नव्या तिजोरीत ठेवा.
2. इतर सर्व उपकरणांवरून लॉग आउट करा. हे आपोआप होतंच असं नाही.
3. रिकव्हरी ईमेल आणि फोन नंबर तपासा. दहा वर्षांपूर्वीचा, आता दुसऱ्याच कुणाला मिळालेला नंबर तिथे नाही ना?
4. फॉरवर्डिंग आणि फिल्टर तपासा. आधीच कुणी शिरून गेलं असेल तर ‘बँकेचे मेल तिकडे पाठव’ असा नियम लावून ठेवलेला असू शकतो, आणि पासवर्ड बदलूनही तो नियम चालूच राहतो.
5. दोन टप्प्यांची पडताळणी नव्याने लावा. जुने बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना शिरायला दिलेले) रद्द करून नवे घ्या. जुने कोड सुरक्षित नोटमध्ये ठेवले असतील तर ते चोरीच्या प्रतीत आहेत.

सावधान: हे सगळं करताना एका ब्राउझरमध्ये लॉग इन चालू ठेवा, आणि वेगळ्या खासगी (इनकॉग्निटो) खिडकीत नव्या पासवर्डने शिरून पाहा. ती खिडकी उघडली की मगच पहिली बंद करा. नाहीतर स्वतःच स्वतःला बाहेर कोंडून घ्याल.

## टप्पा ६: पैशांची खाती, आणि सिम

नेटबँकिंगला बऱ्याच बँकांमध्ये दोन पासवर्ड असतात, लॉगिनचा वेगळा आणि व्यवहाराचा वेगळा. लोक पहिला बदलतात, दुसरा विसरतात. दोन्ही बदला. यूपीआय पिन किंवा एटीएम पिन नोटमध्ये लिहिले असतील तर तेही. फॉर्म भरण्यासाठी कार्डाचा नंबर आणि सीव्हीव्ही साठवला असेल तर कार्ड बंद करून नवं मागवा. कार्डाला दुसरा उपाय नाही. त्यानंतर डीमॅट, म्युच्युअल फंड, भविष्य निर्वाह निधी, आयकर पोर्टल. आयकर पोर्टलवर ई-फायलिंग व्हॉल्ट नावाची जादा सुरक्षेची सोय आहे, ती फारशी कुणी चालू करत नाही. करा.

फोन नंबरही उघड्या यादीत होता, हे विसरू नका. नाव, पत्ता, नंबर आणि बँक माहीत असलेल्या माणसाला तुमच्या नावाने दुसरं सिम काढायचा प्रयत्न करता येतो. फोनची रेंज अचानक गेली आणि शेजारच्याची आहे, तर वाट बघत बसू नका. दुसऱ्या फोनवरून लगेच मोबाइल कंपनीला आणि बँकेला कळवा.

पैसे गेलेच, तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि बँकेला लेखी कळवणं, हे तिन्ही त्याच दिवशी. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात तीन कामकाजाच्या दिवसांची मुदत महत्त्वाची मानली होती. उशीर झाला की नुकसानाचा भार ग्राहकाकडे सरकू लागतो.

## टप्पा ७: जे बदलता येत नाही ते

आधारचा फोटो, पॅन, पासपोर्टची प्रत, असं काय काय लोक सुरक्षित नोट्समध्ये टाकून ठेवतात. आधार आणि पॅनचे नंबर आयुष्यभराचे. आधारचं बायोमेट्रिक लॉक करा आणि यापुढे जिथे चालतं तिथे व्हर्च्युअल आयडी (आधार नंबराऐवजी द्यायचा तात्पुरता नंबर) किंवा नंबर झाकलेली प्रत द्या.

सुरक्षा प्रश्नांची उत्तरं मात्र बदलता येतात. आईचं माहेरचं आडनाव खरं सांगायची काहीही सक्ती नाही. तिथे रँडम शब्द टाका आणि तो तिजोरीत ठेवा. गावातल्या निम्म्या लोकांना माहीत असलेली गोष्ट गुपित म्हणून वापरायची, हे मला कधीच पटलेलं नाही.

## टप्पा ८: आता उरलेल्यांची आयात

जुन्या तिजोरीतून सीएसव्ही फाइल निघते. ही साधी मजकुराची फाइल असते, कुलूप नाही. उतरवण्याआधी दोन गोष्टी पाहा. डाउनलोड्सचा किंवा डेस्कटॉपचा फोल्डर गुगल ड्राइव्हला किंवा वनड्राइव्हला आपोआप चढत नाही ना? चढत असेल तर ते थांबवा. आणि ही फाइल ईमेलने दुसऱ्या मशीनवर न्यायची नाही.

आयात करताना माझी एक युक्ती: सगळ्या नोंदी ‘न बदललेले’ नावाच्या फोल्डरमध्ये घ्या. टप्पा ५ आणि ६ मध्ये बदललेली खाती आली असतील ती त्यातून खोडा, कारण नव्या तिजोरीत त्यांची ताजी नोंद आहे. मग एकेक पासवर्ड त्या त्या साइटवर बदलला की नोंद फोल्डरबाहेर काढायची. फोल्डरमध्ये जे आहे ते अजून चोराकडे चालतं, हे रोज डोळ्यांसमोर राहतं. असा फोल्डर न करणारे दोन आठवड्यांनी विसरतात की काय बदललं आणि काय नाही.

आयातीत हमखास होणारे घोटाळे:

- पासवर्डातली काही चिन्हं बिघडतात. लास्टपासच्या फाइलमध्ये ‘अँड’च्या चिन्हाऐवजी (&), किंवा ‘लहान-मोठे’च्या कोनांऐवजी (< >), अँडच्या चिन्हाने सुरू होऊन अर्धविरामाने संपणारा कोड (उदा. &) आलेला दिसतो. पासवर्ड चालत नसेल तर आधी हे बघा.
- नोट्सना जोडलेल्या फाइल्स सीएसव्हीत येत नाहीत. त्या एकेक करून उतरवाव्या लागतात.
- दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या नोंदी सुटू शकतात.

तपासा: जुन्या आणि नव्या तिजोरीतल्या नोंदींची संख्या जुळते का, आणि कुठल्याही पाच खात्यांत प्रत्यक्ष शिरता येतं का, हे पाहिल्यावरच सीएसव्ही खोडा. कचऱ्याच्या डब्यातूनही काढा.

## टप्पा ९: घरच्यांची आणि ऑफिसची टोकं

वायफाय, वीजबिल, ओटीटी, आईबाबांची पेन्शन, मुलांची शाळा: शेअर केलेला पासवर्ड दोघांच्याही तिजोरीत असतो. तुम्ही तुमची बाजू आवरली आणि बहिणीची जुनी तिजोरी तशीच राहिली, तर ते खातं उघडंच आहे. कुणाकुणाशी काय शेअर केलं होतं ती यादी जुन्या खात्यातून आत्ताच उतरवून घ्या, नंतर ती दिसणार नाही.

छोट्या ऑफिसात हा घोळ मोठा असतो. मी पाहिलेल्या एका ठिकाणी जीएसटी पोर्टलचा पासवर्ड मालक, अकाउंटंट आणि नोकरी सोडून गेलेला मुलगा अशा तिघांकडे होता, आणि तिघांनाही वाटत होतं की तो दुसऱ्याने बदलला असेल. एका माणसाचं नाव ठरवा, त्यानेच बदलायचा आणि बाकीच्यांना नव्या तिजोरीतून द्यायचा.

## टप्पा १०: जुनं खातं बंद करणं, सर्वांत शेवटी

रागाच्या भरात पहिल्याच दिवशी खातं उडवणारे पुष्कळ. मग जोडफाइल राहिलेली असते, शेअर केलेलं फोल्डर राहिलेलं असतं. महिनाभर थांबा. खातं उडवल्याने चोरीची प्रत नाहीशी होत नाही, त्यामुळे घाईने काही मिळत नाही.

बंद करताना ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन काढा, फोनमधलं अॅप काढा, आणि फोनच्या सेटिंगमध्ये ऑटोफिलला (पासवर्ड आपोआप भरण्याच्या सोयीला) नवा मॅनेजर लावा. हे न केल्याने नवे पासवर्ड कित्येक दिवस जुन्याच तिजोरीत जात राहिल्याचं मी दोनदा पाहिलंय.

लास्टपासच्या नावाचे फसवे ईमेल पुढेही येत राहतील, खातं बंद असलं तरी. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये असे मेल फिरले की तुमच्या कुटुंबातल्या कुणीतरी तुमचा मृत्यूचा दाखला अपलोड करून तिजोरी मागितली आहे, तुम्ही हयात असाल तर इथे क्लिक करा. हयात असल्याचं सिद्ध करायच्या घाईत माणूस मास्टर पासवर्ड टाकून बसतो. असा मेल आला की खोडायचा. कुठलीही कंपनी मास्टर पासवर्ड ईमेलमधून मागत नाही.

‘न बदललेले’ फोल्डरमध्ये शेवटी तीस-चाळीस नोंदी उरतातच: बंद पडलेली दुकानं, एकदाच वापरलेलं तिकिटांचं संकेतस्थळ, कॉलेजच्या काळातला फोरम. साइट उघडत नसेल तर नोंद खोडा. उघडत असेल आणि तिथे पत्ता किंवा कार्ड साठवलेलं असेल, तर पासवर्ड बदलत बसण्यापेक्षा खातंच बंद करा.